भंगारातल्या पाट्याचे कोयते

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या शेडमध्ये आनंदा सुऱ्या, कोयते घडवी. पोलाद भंगारवाल्याकडचं, ट्रकच्या स्प्रिंगचे जुने पाटे. पाटा ग्राइंडरला टेकवायचा, ठिणग्या फुलबाजीसारख्या फुटल्या की माल चोख. ही वडिलांनी शिकवलेली पारख.

त्या सकाळी कोलशेतच्या मासळीवाल्या गंगुबाईंची सून प्रीती आली. तिच्या हातातल्या कागदात मोडलेल्या कोयत्याचे दोन तुकडे होते.

"आनंदादादा, हा तुमचाच ना? सुरमईचं डोकं तोडताना मोडला. तुकडा उडाला आणि सासूबाईंचा उजवा डोळा गेला."

"घाव तिरका बसला असेल," आनंदा पुटपुटला.

"चाळीस वर्षं मासळी कापतायत त्या. आता तुम्ही शिकवा त्यांना!"

तुकडे तिथेच टाकून ती निघून गेली.

नौपाड्याचे भाऊ सुरीला धार लावून घ्यायला आले होते. आयटीआयमध्ये त्यांनी तीस वर्षं धातुकाम शिकवलेलं. त्यांनी तुकडा उजेडात धरला.

"हे बघ. मोडलेली कड अर्धी चकचकीत आणि अर्धी काळी. काळी आहे ती जुनी चीर. ट्रकखाली धक्के खातानाच पडलेली."

"पण ठिणगी झकास होती, भाऊ!"

"ठिणगीवरून पोलाद कोणतं, एवढा अंदाज येतो. आतली चीर कशी दिसणार? या पाट्याचे आणखी किती केलेस?"

"सहा. सगळे कोलशेतच्या बाजारात."

"मग?"

"सांगितलं तर दारात कोण उभं करेल मला? वडिलांचं नाव जाईल."

"आणि नाही सांगितलंस तर?"

अरेरे! या घटकेला सहा बायका ते कोयते उगारत असतील! आनंदाने भट्टी विझवली.

बाजारात तो मासळीच्या एकेका पाटीपुढे हात जोडून उभा राहिला. "मावशी, कोयता परत द्या. चूक माझी आहे."

"चांगला चाललाय की! आणि गिऱ्हाईक उभंय, दिसत नाही?"

"मोडायच्या आधी द्या."

कुणी दिला, कुणी शिव्या घालून दिला. गंगुबाईच्या जागेवर बसलेल्या प्रीतीने मान वर केली नाही. संध्याकाळपर्यंत पाच जमले. सहावा घेणारी बाई कोण, हे कुणालाच सांगता येईना.

वाचकहो, जुनं लोखंड पुन्हा वापरण्यात कमीपणा नाही. मात्र ते आधी काय सोसून आलंय हे ठाऊक नसताना त्याला धार लावून दुसऱ्याच्या हाती देणं, हा अपराध आहे. आनंदा आता कारखान्याचा दाखला पाहूनच नवं पोलाद घेतो. तरीही दर आठवड्याला तो कोलशेतला जातो आणि बाजारात नव्याने दिसणाऱ्या प्रत्येक बाईला विचारतो, "ताई, तुमचा कोयता कुठून घेतलात?"