जाऊबाईंची चाल

धाकटीने आपल्या गेममध्ये राक्षसीण म्हणून थोरल्या जाऊबाईंना घातलं, यात कलेचा भाग थोडा आणि सोयीचा जास्त होता. नमुना दिवसभर समोर स्वयंपाकघरात उभा असे, तोही फुकट.

कॉम्प्युटरवरचा हा गेम तिने बनवलेला पहिलाच. सुनेने घराबाहेर पडायचं आणि दारात राक्षसीण, एवढीच गोष्ट. चार वाजता तो गेम बनवणाऱ्या एका कंपनीच्या बाईंना व्हिडिओ कॉलवर दाखवायचा होता. त्यांना पटला तर परगावी नोकरी आणि राहायला खोली, म्हणजे या घरातून सुटका. नवऱ्याची अडचण नव्हती. तो दौऱ्यावर असे, आणि नसला तर पहिला आवाज चढताच निघत असे.

दुपारी ती पात्रं हलती करायला बसली. या धंद्यात बाहुलीच्या आत हाडांचा सांगाडा घालतात आणि सांगाड्याला हालचाली जोडतात. तयार मिळणाऱ्या हालचाली जोडताच सून झकास पळू लागली. राक्षसिणीची जोडणी मात्र फसली. हालचाल न मिळालेली बाहुली जे करते तेच तिने केलं. दोन्ही हात पसरून ताठ उभी राहिली आणि तशीच, पाय न हलवता, फरशीवरून दाराकडे घसरत गेली.

नेमके त्याच वेळी थोरले दीर चार्जर शोधत आले.

"अगं ए," त्यांनी उत्साहाने बायकोला हाक मारली, "तू कॉम्प्युटरमध्ये आहेस!"

थोरली ओले हात पुसत आली. पडद्यावर अंबाडा, चष्मा, हनुवटीवरचा तीळ, सगळं जिथल्या तिथे होतं. राक्षसीण केल्याचं तिला फारसं लागलं नाही. ते तिने बहुधा गृहीतच धरलं होतं.

"मी हात का पसरलेत?"

"ते तांत्रिक आहे."

"या घरात आल्यापासून मी सासूपुढे हात पसरला नाही, नवऱ्यापुढे पसरला नाही. आणि तुझ्या खेळात दोन-दोन पसरू?"

"जाऊबाई, चार वाजत आलेत. रात्री भांडू."

"आणि मी अशी घसरत चालते?"

"नाही. याहून वाईट चालता."

"मग ते दाखव ना! काढ तो फोन."

फोनवरच्या चित्रणातून हालचाल उचलून बाहुलीला जोडता येते, हे धाकटीला शिकवलेलं होतं. ती दात-ओठ खात चित्रण करू लागली. थोरली चालली. आधी हनुवटी गेली, मागून बाकीची बाई. मग ती दारात उभी राहिली.

"एकच हात चौकटीला. दुसरा कमरेवर. आणि बोलायचं नाही. आपण बोललो की समोरचीला उत्तर सुचतं."

"मलाही घ्या ना कुठेतरी," दीर म्हणाले.

"तुम्ही सोफा व्हा," थोरली म्हणाली.

चार वाजता कंपनीच्या बाई पडद्यावर आल्या आणि तिकडूनच खेळायला बसल्या. सून धावत दारापाशी आली. राक्षसिणीने चौकटीला हात लावला. बाईंनी डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, उडी मारून पाहिली.

"हिला हरवायचं कसं?"

"ते अजून मलाही जमलेलं नाही," धाकटी म्हणाली. दिवसभरातलं तिचं हे एकमेव प्रामाणिक वाक्य.

"तुमची सून टाकाऊ आहे. असली पळणारी बाहुली प्रत्येक नवशिका आणतो. पण ही दारातली! मला माझी नणंद आठवली हो. घाम फुटला. ही चाल कोणाची?"

"माझी," मागून थोरली म्हणाली.

बाईंनी तिला नीट न्याहाळलं. "नोकरी देते," त्या धाकटीला म्हणाल्या, "पण यांना बरोबर आणायचं. बसणं, वळून बघणं, तोंड फिरवणं, सगळं लागेल मला. त्यांनाही पगार मिळेल. त्या नसतील तर तुम्हीही नको."

धाकटीने थोरलीकडे पाहिलं. थोरली छताकडे पाहत होती.

"आणते," धाकटी म्हणाली. हा शब्द दातांच्या फटीतून आला.

"खोल्या किती देणार?" थोरलीने परस्पर कॉम्प्युटरलाच विचारलं.

"एक."

"खिडकीकडची बाजू माझी," ती धाकटीला म्हणाली आणि बॅग भरायला आत गेली. बॅग धाकटीची होती. घरात धड म्हणावी अशी तेवढीच एक.