शिवणीतून येणारं पाणी

डोंगर चढणाऱ्यांचं सामान विकणाऱ्या गावातल्या त्या एकमेव दुकानात त्याला सगळे मास्तर म्हणायचे. साधी दोरी घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकालाही चार गाठी शिकवल्याशिवाय तो सोडत नसे, म्हणून मास्तर. काम त्याचं मागच्या खोलीत, फाटक्या सॅका आणि तंबू दुरुस्त करण्याचं. डावा पाय अधू असल्यामुळे काउंटरवर दिवसभर उभं राहणं त्याला जमत नसे.

एरवी फोन काउंटरवरच्या बाईच घेत, पण त्या दुपारी त्या दाढ दाखवायला गेल्या होत्या, म्हणून तो त्याने उचलला.

"जरा विचारायचं होतं," पलीकडून एका बाईचा दबका आवाज आला. रस्त्यावरच्या गाड्यांत तो अर्धा बुडाला होता. "तंबूच्या शिवणीतून पाणी येतंय. शिवणीवर लावायचं ते औषध दोन तऱ्हेचं मिळतं म्हणे. त्यातलं कोणतं घेऊ?"

मास्तरची कळी खुलली. गोंगाटात ऐकू जावं म्हणून त्याने आवाज चढवला. "कापड कसं आहे, काकू?"

"एकदम पातळ. घडी घालायला जावं तर हातातून सुळकन निसटतं."

"कोपऱ्यात चिकटपट्टी लावून बघा बरं. चिकटते का?"

"लावली होती. लगेच गळून पडली."

"मग कापडावर सिलिकॉनचा थर आहे. त्याला सिलिकॉनचंच औषध लागतं. दुसरं लावलंत तर वाळेल, दिसेलही झकास, आणि पहिल्या पावसात सालपटासारखं निघून येईल."

"हात्तिच्या, तरीच," बाई हसली. "तसंच झालं. वर सुळक्याखाली रात्रभर पाठ भिजत होती माझी."

रिसीव्हर धरलेला मास्तरचा हात तसाच राहिला. ते 'हात्तिच्या', आणि त्यानंतरचं ते नाकातलं हसू, तो जन्मापासून ऐकत आला होता.

"आई?" तो म्हणाला.

फोन बंद झाला.

एखाद्याच्या आईने तंबूची चौकशी केली तर आभाळ कोसळत नाही. पण मास्तरच्या आईची गोष्ट निराळी होती. ऐन विशीत तो त्याच सुळक्यावरून पडला होता. खुब्याचं हाड मोडलं, कितीतरी महिने खाटेवर गेले. बरा होऊन उभा राहिला त्या दिवशी आईने त्याचा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला आणि पुन्हा डोंगराला पाय लावणार नाही, अशी शपथ घातली. ती त्याने पाळली. दुसऱ्यांचे तंबू शिवत बसला. आणि आई दर शनिवारी आपल्या बहिणीकडे, म्हणजे मावशीकडे, मुक्कामाला जायची. निदान त्याला तरी तसंच ठाऊक होतं.

मालकांना काहीतरी पुटपुटून तो निघाला. घरी पोचला तेव्हा खिशात सिलिकॉनची ट्यूब होती. ती कधी उचलली, पैसे दिले की नाही, काही आठवेना.

आई त्याच्या आधीच आली होती. लपवाछपवी करायची तर वेळ होता, पण तिने केली नव्हती. जेवणाच्या टेबलावर राखाडी रंगाचा तंबू पसरून ती शेजारी बसली होती. शिवणींवरून जुन्या औषधाच्या पट्ट्या लोंबत होत्या.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"तू काठी टाकून चालायला लागलास तेव्हापासून."

त्याने खुर्ची ओढली आणि धपकन बसला. "मावशीला माहीत आहे?"

"डबा तीच बांधून देते."

"मी तिथे पाय ठेवायचा नाही, आणि तू रात्री झोपून येतेस."

"हो," आई म्हणाली. एवढंच. सारवासारव तिच्या स्वभावात नव्हती.

मग ती आपणहून बोलली. "त्या डोंगराला शिव्या द्यायला गेले होते पहिल्यांदा. एवढं चढून गेले आणि अशी धाप लागली की शिव्या द्यायला श्वासच उरला नाही. बसले. वारा होता. बसून बरं वाटलं रे. मुलाला मोडून टाकलं त्या जागेने, आणि मला तिथे बरं वाटतंय, याची लाज वाटली. म्हणून नाही सांगितलं."

मास्तरने तंबू आपल्याकडे ओढला. हात कामाला सरावलेले होते. त्याने जुन्या पट्ट्या नखाने सोलून काढल्या, खिडक्या उघडल्या, वाटीत ट्यूब पिळून टर्पेंटाइनने पातळ केली आणि एक ब्रश आईपुढे सरकवला. "पातळच लाव. टाक्यांच्या भोकांत उतरलं पाहिजे. ओघळ फडक्याने पुसून घे."

दोघं समोरासमोर बसून शिवणी भरू लागले.

"सुटली म्हण," तो एकदम म्हणाला.

"काय?"

"शपथ."

आईने ब्रश ठेवला नाही. ती शिवण पूर्ण केली, दुसरी घेतली. मग मान वर न करताच म्हणाली, "सुटली."

मास्तरचा ब्रश थांबला. हे ऐकायला तो वर्षानुवर्षं झुरला होता. आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी खुब्यापासून पोटरीपर्यंत पाय थरथरायला लागला, टेबलाखाली हाताने दाबून धरला तरी थांबेना. आईने अडवलं, आईने अडवलं, असं तो जन्मभर म्हणत आला होता. आता अडवणारं कोणी नव्हतं, आणि भीती त्याची स्वतःचीच निघाली.

आईने ते पाहिलं. पाणी आणून दिलं आणि पुढची शिवण घेतली.

तंबू वाळला, शिवणी एकमेकींना चिकटू नयेत म्हणून त्यांच्यावर पावडर भुरभुरून झाली, आणि शनिवारी दोघं एकाच बसमध्ये बसले. मास्तर पायथ्यापासून पहिल्या झऱ्यापर्यंत चढला. तिथे पाय पुढे पडेना. तो एका दगडावर बसला.

"थांबू का?" आईने विचारलं.

"नको. तू जा. उजेडात पोच."

सॅक सावरून ती निघाली. ती एवढ्या सवयीने दगड निवडत, इतकी झपझप वर गेली, की मास्तर बघतच राहिला.