तपकिरी गोळी

रोज सकाळी चहाच्या आधी आई थोरलीच्या हातावर दोन गोळ्या ठेवायची. पाकिटात असायच्या तीन. तिसरी, तपकिरी, आई आधीच काढून डब्यात टाकायची.

"आजच्या दिवस राहू दे," म्हणायची. हा आजचा दिवस सहा महिने चालला होता.

थोरली मागच्या खोलीत बसून शर्टांना काजं करायची. बोटात सुई घुसली तरी कळेना, कोपरावर सुन्न चट्टा आला, तेव्हा ती दवाखान्यात गेली. महारोग निघाला. दोन औषधं पुरतात की तीन एकत्र हवीत, याची तिथे चाचणी चालू होती. थोरली तीनवाल्या गटात पडली. तपकिरी गोळीनं कातडी काळवंडते आणि औषध संपल्यावर हळूहळू उजळते, हे डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं होतं. आईनं त्यातलं अर्धंच ऐकलं. धाकटीचं लग्न ठरेपर्यंत काळवंडलेला चेहरा कुणाच्या नजरेस पडायला नको होता. त्यातून चट्टेही दिसू नयेत म्हणून पाहुणे आले की थोरली मागच्या खोलीत आणि बाहेरून कडी. कडी लावताना आई रडायची, पण लावायचीच.

परवा डॉक्टरीणबाई चक्रावल्या. "बाकीच्यांचे चट्टे फिके पडतायत, तुझे पसरतायत. करंगळी वाकायला लागलीय. तिन्ही घेतेस ना?"

थोरलीनं मान डोलावली, पण घरी येईपर्यंत ती करंगळी ताणून सरळ करत राहिली. हात गेला तर काजं गेली. आणि तिच्या खोटेपणापायी औषधच नापास ठरलं, तर आणखी कुणाकुणाचे हात जातील!

आज मुलाकडची मंडळी लग्न पक्कं करायला आली. मागच्या खोलीचं दार धडधडलं.

"आत कोण आहे?" मुलाच्या आईनं विचारलं.

"कुणी नाही हो, मांजर असेल."

धाकटी उठली, तिनं कडी काढली. "मांजर नाही. ताई आहे माझी."

थोरली बाहेर आली. "मला महारोग आहे. औषधानं बरा होतो. पण तुम्ही येणार म्हणून आई मला त्यातली एक गोळी देत नाही."

मुलाच्या आईनं कप खाली ठेवला. मंडळी चपला घालू लागली. धाकटीनं पाहुण्यांसाठी भरलेला पाण्याचा पेला ताईच्या हातात दिला. थोरलीनं आईच्या डब्यातली आजची तपकिरी गोळी काढून गिळली.

"उद्या दवाखान्यात जाऊन खरं सांगणार आहे," ती म्हणाली.

आईनं गच्च भरलेला डबा पोटाशी धरला. "टाकल्या नाहीत गं मी. लग्न झालं की सगळ्या एकदम देणार होते."

थोरलीनं वाकलेली करंगळी तिच्यापुढे धरली.

"आणि तोवर हिला थांब म्हणून कोण सांगणार होतं, आई?"