हिरवे ठिपके आणि दोन झाकणं

तुटलेलं सांधणं हे सजीवांचं सर्वांत थोर कार्य आहे. हे वाक्य एका संशोधक मुलीने आपल्या प्रबंधाच्या पहिल्या पानावर लिहिलं होतं. दुसरं पान पाच वर्षांत लिहून झालं नव्हतं.

प्रयोगशाळेत तिला सगळे 'चिकाटी' म्हणत. कौतुकाने की वैतागून, हे विचारायचं तिने टाळलं होतं. तिचा विषय असा: पेशीतला डीएनए तुटला की प्रथिनांची एक टोळी तिथे धावते. एक प्रथिन दोन्ही टोकं धरून ठेवतं, दुसरं फाटक्या कडा छाटतं, तिसरं शेजारच्या शाबूत प्रतीवरून नक्कल उतरवून घेतं, चौथं टाके घालतं. इतकी मंडळी न भांडता काम करताना कुठल्याच लग्नघरात दिसत नाहीत. ही टोळी हिरवी चमकावी, अशी सोय चिकाटीने केली होती.

"सोमवारच्या बैठकीत पुस्तकात नसलेलं काहीतरी दाखव," सरांनी बजावलं होतं. "नाहीतर सूक्ष्मदर्शक बेडूकवाल्यांकडे जाईल." बेडूकवाले म्हणजे शेजारची खोली. ते येऊन सूक्ष्मदर्शकाच्या मेजाचं मापही घेऊन गेले होते.

शुक्रवारी दुपारी तिने दोन बशा तपासल्या. एकीतल्या पेशींवर क्ष-किरण सोडून डीएनए तोडला होता. दुसरीला बोटही लावलं नव्हतं. 'तुटलेली' असं झाकणावर लिहिलेल्या बशीत मिट्ट काळोख. 'धडधाकट' बशीत मात्र हिरव्या ठिपक्यांचा नुसता सडा!

"सर! टोळी आधीच येऊन बसलीय! काही तुटायच्या आत!"

सरांनी चष्म्यासकट डोळा लावला. "म्हणजे तुटणार, हे त्यांना आधी कळतं?"

"आणि तुटलं की निघून जातात!"

"आमचा मेव्हणा असाच आहे," सर भारावून म्हणाले आणि पाच मिनिटांत त्यांनी अख्खा फळा भरून टाकला. बेडूकवाल्यांना मुद्दाम बोलावून ठिपके दाखवले. चिकाटीने स्टुलावर बसूनच एक गिरकी घेतली आणि आईला फोन लावला.

"आई, सापडलं!"

"कानातलं? तरी मी म्हणत होते, कपाटामागे बघ."

इतक्यात काचसामान धुणाऱ्या मावशी टोपलं घेऊन आल्या. "ताई, नावं झाकणांवर कशाला लिहिता हो? आमच्याकडे साखरेचं झाकण मिठाच्या डब्यावर बसलं, तर पाहुणे चहा अर्धा टाकून गेले."

सगळे हसले. चिकाटी सर्वांत मोठ्याने हसली, आणि मध्येच थांबली. सकाळी तिने दोन्ही झाकणं एकदम काढून ओट्यावर ठेवली होती. आणि क्ष-किरणांच्या यंत्रात नीट बसावी म्हणून किरण सोडायच्या बशीची कड तिनेच कानशीने घासली होती. तिने अंगठा फिरवला. चमकणाऱ्या बशीची कड खरखरीत लागली.

"सर..."

"बोल ना!" सर खडू नाचवत म्हणाले. "सिद्धांताला नाव काय द्यायचं?"

"तुटल्यावरच येतात."

सरांनी फळ्याकडे पाहिलं. मग फडक्याकडे. "हे तर दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकात आहे, चिकाटी."

"हो. पान दोनशे बारा."

सोमवारी सूक्ष्मदर्शक शेजारच्या खोलीत गेला. मेजाचं माप बरोबर निघालं.