व्हेरोनाचे ठणठणीत गुडघे

व्हेरोनाच्या गुडघ्यांना काहीही झालेलं नव्हतं. सदुसष्टाव्या वर्षीही बिआबू या आपल्या गावचा चढ ती एका दमात चढायची, आणि शनिवारी भाचीच्या लग्नात तर वाजवणारे थकले तरी ही बाई नाचायची थांबली नव्हती. त्यामुळे सोमवारी दुपारी विमानतळाच्या काउंटरवर तिने चाकाची खुर्ची मागितली तेव्हा तिचा नवरा कॉन्रिक तिच्याकडे बघतच राहिला.

"गुडघे गेले? कधी गेले?"

"सकाळपासून."

"सकाळी तू खाली वाकून टोपलीभर आंबे वेचलेस."

"म्हणूनच गेले ना. आता गप्प बस आणि बॅग वजनाला लाव."

खरं दुखणं कॉन्रिकच्या छातीत होतं. त्याच्या हृदयाची एक झडप आखडली होती. न्यूयॉर्कात ब्रुकलिनला ते दोघं राहायचे, तिथल्या डॉक्टरांनी पुढच्या महिन्यात ऑपरेशन ठरवलं होतं आणि तोवर फार वेळ उभं राहायचं नाही, विमानतळावर खुर्ची घ्यायचीच, असं बजावून सांगितलं होतं. कॉन्रिकने मान डोलावली आणि सोडून दिलं. सुट्टीला इकडे बेटावर येताना न्यूयॉर्कच्या रांगेत तो मध्येच सुटकेसवर बसला होता. ओठ पांढरेफटक, कपाळावर घाम. काय झालं विचारलं तर म्हणाला, चष्मा शोधतोय. चष्मा नाकावर होता. त्या क्षणापासून सुट्टीचे तीन आठवडे व्हेरोनाने त्याच्यावरची नजर हटवली नव्हती.

आणि त्याने खुर्ची घेतली असती तरी कशी? आमच्या बेटावरून न्यूयॉर्कला जाणाऱ्या प्रत्येक विमानाला आठ-दहा तरी चाकाच्या खुर्च्या लागतात. रांग चुकवायची ही सगळ्यांची ठरलेली युक्ती. इथे खुर्चीत बसलेली माणसं तिकडे उतरली की टणाटण चालत सगळ्यांच्या आधी सामानाच्या पट्ट्यापाशी हजर. या प्रकाराची टर उडवण्यात कॉन्रिकचा हात कुणी धरला नसता. "या विमानात देव बसलेला असतो, लंगडे चालायला लागतात," असं तो दरवर्षी भर रांगेत म्हणायचा, आणि लोक पोट धरून हसायचे. एकतीस वर्षं शहराची बस चालवलेला ताठ कण्याचा माणूस. सगळ्या गावादेखत तो त्या खुर्चीत बसण्यापेक्षा उभ्या उभ्या मरायलाही तयार झाला असता, आणि तिला भीती नेमकी त्याचीच होती.

म्हणून तिने रात्रभर डोकं चालवलं होतं. तो बसणार नाही, पण मला ढकलेल. ढकलताना दोन्ही हातांना दांडा मिळेल, अंगाचा भार त्यावर पडेल, आणि खुर्चीवाल्यांना पुढे सोडतात म्हणजे उभं राहणंही कमी. हसतील तर मला हसतील. हसू देत.

कार्निव्हल नुकताच संपला होता. अर्धं ब्रुकलिन त्या दिवशी परत निघालं होतं, आणि तपासणीची रांग दाराबाहेर उन्हात गेली होती. खुर्ची घेऊन ग्लेनरॉय आला. चाळिशीचा, धिप्पाड, विमानतळाचा निळा शर्ट घातलेला. व्हेरोना खुर्चीत बसली, मांडीवर भाजलेल्या नीरफणसांची पिशवी घेतली, आणि चेहरा शक्य तितका दुखरा केला. ग्लेनरॉयने दांडा धरला.

"तू नको," व्हेरोना म्हणाली. "माझा नवरा ढकलेल."

"टँटी," इथे मावशीला म्हणतात तसं तो म्हणाला, "नियम आहे. खुर्ची आमच्याच माणसाने ढकलायची."

"मला दुसऱ्या कुणी ढकललेलं चालत नाही. चक्कर येते."

"दुखतायत तर गुडघे ना?"

"गुडघ्यांमुळेच येते."

"जाऊ दे गं, ढकलू दे त्याला," कॉन्रिक वैतागून म्हणाला. "चार माणसांत तमाशा नको."

"मग मी जातच नाही. राहते इथेच बिआबूत."

ग्लेनरॉय हसला आणि कॉन्रिककडे वळला. एवढ्यात कॉन्रिकने, दिसू नये अशा बेताने, खुर्चीच्या पाठीवर हात टेकला होता. नखं निळसर झाली होती. ग्लेनरॉयचं हसू तिथेच विरलं. तो व्हेरोनाकडे बघून हळूच म्हणाला, "बरं टँटी. मी नुसता बाजूने चालतो." त्या माणसाचा पगार वाढवा रे कुणीतरी, असं तिच्या मनात आलं.

वरात निघाली. रांगेच्या कडेकडेने, सगळ्यांच्या नजरेसमोरून. कॉन्रिकची पावलं इतकी सावकाश पडत होती की खुर्ची पुढे सरकतेय की नाही असं वाटावं. पाठीमागून येणारा त्याचा श्वास ती मोजत होती. मध्येच तो थांबला की ती मोठ्याने कण्हायची, "थांब रे जरा, हादरे बसतात." म्हणजे थांबणं तिच्या नावावर.

रांगेच्या मध्यावर सिस्टर अर्मा उभी होती. चर्चमधल्या सगळ्याच बायकांसारखी 'सिस्टर' म्हणवून घेणारी, तिथे व्हेरोनाच्या पुढच्याच बाकावर बसणारी, आणि जिभेला हाड नसलेली.

"अगं बाई व्हेरोना, शनिवारी तर तुझ्या पायाखाली जमीन राहत नव्हती. नवरीपेक्षा तूच जास्त नाचलीस."

"त्याचंच फळ भोगतेय, सिस्टर."

"आणि कॉन्रिक, दरवर्षी आम्हाला नावं ठेवतोस. आता तुझ्याच बायकोला देव पावायचाय वाटतं?"

रांग खदखदा हसली. कुणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या. व्हेरोनाचे कान लाल झाले. आयुष्यात ती कुणापुढे खोटी पडली नव्हती. उलट इतरांचं खोटं बाहेर काढण्यात तिचा लौकिक. पण ती हसली, पिशवी घट्ट धरली, आणि नवऱ्याला म्हणाली, "चल."

कॉन्रिक चालला नाही. "तिला खरंच दुखतंय," तो म्हणाला. आवाज वर काढायचा प्रयत्न केला पण निम्म्यातच दम तुटला. "उगाच बोलू नका." एवढं बोलून तो आणखी थकला. व्हेरोनाला रडू आवरेना. या माणसाला आपण फसवतोय, आणि हा आपल्यासाठी दम खर्च करतोय.

पुढे सुरक्षा तपासणी. तिथे एक करड्या आवाजाची बाई बसली होती. "उभं राहता येतं का? मग उठा, सँडल काढा, कमानीतून चालत या. खुर्ची बाजूने तपासून येईल."

हा विचार व्हेरोनाने केलाच नव्हता. इतकी अक्कल चालवली, आणि ही कमान डोक्यात आलीच नाही. तिने सँडल काढून ट्रेमध्ये ठेवली, लंगडत कमानीतून पलीकडे गेली, आणि वळून पाहिलं. ग्लेनरॉय खुर्ची घेऊन कडेच्या दाराकडे वळला होता. कॉन्रिक पोलादी टेबलाला धरून उभा होता. टेबल संपत होतं. तिथून कमानीपर्यंत फार तर सहा पावलं, धरायला काही नाही.

"पुढचे, या," बाई म्हणाली.

कॉन्रिक हलला नाही. ओठ पांढरे पडायला लागले होते. व्हेरोना परत कमानीकडे धावली, लंगडणं विसरून, अनवाणी.

"मागे यायचं नाही," बाईने हात आडवा केला.

"माझा नवरा आहे तो."

"कळलं. तिथेच थांबा."

ती थांबली. दोन्ही हात तोंडावर. सगळी रांग बघत होती, आणि तिचे गुडघे किती ठणठणीत आहेत ते सगळ्यांना दिसलं होतं. मागून कुणीतरी हसलं सुद्धा. कॉन्रिकने ते हसू ऐकलं. मग पलीकडे उभ्या बायकोकडे पाहिलं. ती रडत होती आणि ते लपवतही नव्हती.

"ग्लेनरॉय," तो म्हणाला, "खुर्ची इकडे आण."

"टँटीसाठी?"

"माझ्यासाठी."

खुर्ची आली. कॉन्रिक तिच्यात सावकाश, दोन्ही हात टेकत बसला. श्वास थाऱ्यावर येईपर्यंत मान खाली. मग रांगेकडे वळून, तुटक तुटक, पण शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं म्हणाला, "हसायचं तर मला हसा. माझं हृदय बिघडलंय. पुढच्या महिन्यात कापणार आहेत. हिला काही झालेलं नाही. माझी लाज राखायला बसली होती ही."

कुणी हसलं नाही. सिस्टर अर्मा दोरी ओलांडून पुढे आली, टेबलावर काढून ठेवलेली कॉन्रिकची टोपी आणि पट्टा तिने ट्रेमध्ये ठेवला, आणि परत आपल्या जागेवर गेली.

बाजूच्या दारातून ग्लेनरॉयने त्याला पलीकडे आणलं. तपासणीवाल्या बाईने हातमोजे घालून त्याचे खांदे, पाठ हलक्या हाताने चाचपली आणि जाऊ दिलं. व्हेरोना समोर उभी राहिली. रागावावं की मिठी मारावी हे तिलाच कळत नव्हतं.

"तुला कधी कळलं?" तिने विचारलं.

"तू मला दांडा धरायला लावलास तेव्हाच. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली, व्हेरोना. मला एवढंही कळणार नाही का?"

"मग आधीच का नाही बसलास, गाढवा? मी किती घाबरले होते."

"मीपण घाबरलो होतो," कॉन्रिक म्हणाला. "बसलो असतो तर दुखणं खरं झालं असतं."

पट्ट्यावरून ट्रे आला. ती सँडल घालायला खाली वाकणार, तेवढ्यात कॉन्रिकने हात पुढे केला.

"दे इकडे. पाय ठेव माझ्या गुडघ्यावर."

"लोक बघतायत."

"बघू देत. बसलोच आहे तर."

तिने खुर्चीची पाठ धरली आणि पाय वर ठेवला. काचेच्या भिंतीपलीकडून सगळी रांग बघत असताना, कॉन्रिकने आधी तळव्याला लागलेली धूळ पुसली, आणि मग घाई न करता तिच्या सँडलचा पट्टा लावला.