माझे तिसरे पिल्लू

मित्रांनो, मी एक म्हातारी कुत्री आहे. माझ्या तोंडात आता सातच दात उरले आहेत, मागचा एक पाय ओढत चालावे लागते आणि डाव्या कानाला एक खाच आहे. म्हातारपणी कुत्री शांत होतात, असे लोक म्हणतात. मी झाले नाही. मला अजून राग येतो आणि आज मी तुम्हाला तो रागच सांगणार आहे.

जंगली जनावरांनी वाढवलेल्या पोराची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. ते पोर झाडांवरून उड्या मारते, प्राण्यांची भाषा बोलते आणि तुम्ही टाळ्या वाजवता. पण ते पोर तिथे एकटे आलेच कसे, हे कुणी विचारत नाही. मी एक पोर वाढवले आहे. जंगलात नव्हे, भर वस्तीत. ते कसे आले, हे मी या डोळ्यांनी पाहिले आहे.

माझा जन्म एका साबणाच्या कारखान्यात झाला. मोठ्या कढया होत्या, त्यापलीकडे वाळवणीची खोली, आणि त्या खोलीत लाकडी फळ्यांवर साबणाच्या वड्या ओळीने मांडलेल्या असत. त्या फळ्यांखाली माझ्या आईने आम्हाला जन्म दिला. उंदीर साबण खातात, हे तुम्हाला माहीत नसेल. चवीने खातात. मी मोठी झाले तशी उंदरांना पळता भुई थोडी झाली. मॅनेजर पाहुण्यांना सांगायचा, "ही आमची सगळ्यांत इमानी कामगार. रजा नाही, तक्रार नाही." मग एके दिवशी कारखाना बंद पडला. दाराला कुलूप लागले. राखणदाराने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तो गेला. माझी इमानदारी कुलपासकट आत राहिली.

मी भिंतीच्या भगदाडातून ये-जा करू लागले. माझ्याबरोबर एक एका डोळ्याचा कुत्रा राहायचा. त्याला गल्लीत काण्या म्हणत. त्या वर्षी मला चार पिल्ले झाली. दोन गाडीच्या चाकाखाली गेली. दोन उरली.

कारखान्याला लागून घरांची एक रांग होती. शेवटच्या घरात एक माणूस, त्याची बायको, त्यांची दोन मुले आणि भावाची तीन वर्षांची पोरगी राहत होती. पोरीची आई वारली होती. बाप लांबच्या गाड्यांवर ड्रायव्हर होता. त्याने पोरीला भावाकडे ठेवले होते. एका सकाळी त्या घरासमोर टेम्पो उभा राहिला. कपाट चढले, पलंग चढला, गाद्या चढल्या. बाईने दारातल्या फुलांच्या कुंड्या स्वतः मोजून चढवल्या. नऊ होत्या. एक मागे राहिली, तर तिने टेम्पो थांबवून ती घेतली.

पोरगी पायरीवर बसली होती.

शेजारणीने विचारले, तेव्हा काका म्हणाला, "तिचा बाप येतोय न्यायला. फोन केलाय त्याला." आणि टेम्पो गेला. बाप त्या दिवशी आला नाही, दुसऱ्या दिवशी आला नाही. माणसे पायरीसमोरून जात-येत होती. कुणी वाकून पाहिले, कुणी तेही केले नाही. तिसऱ्या दिवशी मी बेकरीमागून ब्रेडचा जळका तुकडा तोंडात धरून येत होते. ती उठली, माझ्यासमोर आली आणि तिने तो तुकडा माझ्या तोंडातून ओढला. माझ्या तोंडातून! मी गुरगुरले. ती घाबरली नाही. मी दात दाखवून कान पाडले, तर तिने माझा कानच धरला आणि चावली. खाच आहे ती तिचीच. मी आजवर कैक कुत्र्यांशी भांडले होते, पण असले दांडगे पिल्लू मला भेटले नव्हते. तुकडा खाऊन झाल्यावर ती माझ्या मागोमाग भगदाडातून आत आली आणि माझ्या पिल्लांमध्ये घुसून झोपली.

ती माझ्याजवळ दोन हिवाळे राहिली.

मी तिला दूध पाजले. मग बेकरीमागचे तुकडे, खाणावळीमागची हाडे, जे मिळेल ते आणून घातले. नासलेले कसे हुंगून ओळखायचे, ते शिकवले. बुटांचा आवाज आला की कढईमागे कसे दडायचे, ते काण्याने शिकवले. तिचे गुडघे माझ्या पंजांसारखे टणक झाले. एकदा तिच्या टाचेत काच घुसली. काच मला दातांनी काढावी लागली. मग मी ती जखम दिवसरात्र चाटली. ताप आला की आम्ही चौघे तिच्या अंगाला अंग लावून पडायचो. ती बोलायची विसरली. हसायची मात्र विसरली नाही. माझ्या धाकट्या पिल्लाने स्वतःच्या शेपटीमागे गोल फिरायला सुरुवात केली की ती लोळून लोळून हसायची.

आता तुम्ही म्हणाल, गल्लीत कुणाला कळलेच नाही का? कळले होते हो! सगळ्यांना कळले होते! इस्त्रीवाल्याने तिला तीनदा पाहिले. तिसऱ्यांदा तो गिऱ्हाइकाला म्हणाला, "असेल कुणाची तरी. आपण कशाला नसत्या भानगडीत पडायचं?" दवाखान्यातला कंपाउंडर खिडकीतून बघायचा आणि पडदा ओढायचा. एक शिवणकाम करणारी बाई होती. तिने एकदा भिंतीवरून एक फ्रॉक आत टाकला आणि पळाली. तुम्हाला वाटेल, चला, एकीला तरी दया आली. मित्रांनो, त्या फ्रॉकबद्दल मी तिला कधीच माफ करणार नाही. कारण तो मापाचा होता. खांद्यात बरोबर, उंचीला बरोबर. म्हणजे तिने पोरीला नीट, डोळे भरून पाहिले होते. इतके पाहून ती घरी गेली आणि मशीनवर बसली.

मग कारखाना विकला गेला. मोजणीवाले फिती घेऊन आले. त्यांतल्या एकाने कढईमागे बॅटरी मारली आणि किंचाळला. तासाभरात गल्ली गोळा झाली. कॅमेरे आले. ज्यांनी दोन वर्षे माना फिरवल्या, ते आता टाचा उंचावून बघत होते. इस्त्रीवाला सर्वांत पुढे. तो बातमीदाराला म्हणाला, "या कुत्र्यांनीच पोर पळवून नेलं, साहेब. भयंकर जात आहे!"

कुत्री धरायची गाडी आली. काण्या वाळवणीच्या खोलीच्या दारात उभा राहिला. त्याने कुणाला चावा घेतला नाही, फक्त दार सोडले नाही. काठी त्याच्या डोक्यात बसली. आत पोरगी गळा फाडून ओरडत होती. मी तिच्याकडे धावले आणि दुसरी काठी माझ्या मागच्या पायावर बसली. 'कुत्र्याच्या मौतीने मरणे' ही तुमच्या भाषेतली वाईट गोष्ट आहे. कुणाला शाप द्यायचा असला की तुम्ही तसे म्हणता. काण्या कुत्र्याच्या मौतीने मेला. पोर पाठीशी घालून, दारात उभा राहून मेला. तसे मरण त्या गल्लीतल्या किती जणांच्या वाट्याला येईल, ते त्यांनीच सांगावे.

माझी पिल्ले आता मोठी झाली होती, ती पळून गेली. मला कोंडवाड्यात टाकले. पोरीला अनाथ मुलांच्या आश्रमात नेले.

पाचव्या दिवशी कोंडवाड्यात एक बाई आली. धिप्पाड, पदर खोचलेली, आवाज असा की पिंजऱ्यातली सगळी कुत्री गप्प झाली. ती आश्रमात मुलांचे सगळे बघायची. मुले तिला मावशी म्हणत.

"चार दिवसांपूर्वी साबणाच्या कारखान्यातून आणलेली कुत्री कुठाय?" तिने कारकुनाला विचारले.

"तिचं काय काम आहे?"

"पोरगी चार दिवस अन्नाला शिवली नाही. ताट ठेवलं की कोपऱ्यात जाऊन रडते. डॉक्टर म्हणाले, हिच्या टाचेची जखम कुणीतरी जिवापाड सांभाळून बरी केलीये. कुणी केली, ते मला कळलंय. ती कुत्री द्या."

"असं कसं देता येईल? नियम आहेत. आणि पिसाळलेली निघाली तर?"

"पिसाळलेय ती मी!" मावशी टेबलावर हात आपटून म्हणाली. "पोरगी दगावली तर तुमच्या दारात आणून ठेवीन आणि तुमचे नियम वाचून दाखवीन तिला. उघडा ते दार!"

कारकुनाने दार उघडले. माणसाच्या रागावर माझे प्रेम बसले, ते त्या दिवशी.

आश्रमात पोरगी मला पाहून आधी ओरडली, मग माझ्या मानेत तोंड खुपसून पडून राहिली. मावशीने जमिनीवर दोन ताटल्या ठेवल्या. मी खाल्ले, तशी तिनेही खाल्ले. दुसऱ्या आठवड्यात मावशीने तिची ताटली एका विटेवर ठेवली. मग दोन विटांवर. मग पाटावर, मग स्टुलावर. असे करत करत सहा महिन्यांनी ताटली टेबलावर गेली आणि पोरगी खुर्चीवर. कुणी तिला मारले नाही, ओढले नाही. फक्त विटा वाढत गेल्या. मावशीने तिला ठमी म्हणायला सुरुवात केली. एकदा मी गादीवर चढले म्हणून मावशी माझ्यावर केरसुणी घेऊन धावली. ठमी मध्ये उभी राहिली आणि म्हणाली, "नको!" तिचा दुसऱ्यांदा शिकलेला पहिला शब्द तो. मावशीच्या हातून केरसुणी गळून पडली.

मग वर्तमानपत्रात पुन्हा छापून आलेला ठमीचा फोटो पाहून बाप आला. त्याच आठवड्यात काकाही आला. एका सरकारी खोलीत सुनावणी झाली. टेबलामागे एक अधिकारी बाई होत्या. ठमी मला सोडून यायला तयार नव्हती, म्हणून मलाही आत घेतले.

"माझ्या काळजाचा तुकडा आहे हो ती," बाप म्हणाला.

"दोन वर्षं तो तुकडा कुठे आहे असं वाटत होतं तुम्हाला?" बाईंनी विचारले.

"भावाकडे."

"आणि तुम्हाला?"

"बापाकडे," काका म्हणाला. "मी फोन केला होता. हा 'बघतो' म्हणाला."

"नंतर कधी एकमेकांना विचारलं नाही?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिले. मग बाप हळूच म्हणाला, "कामाच्या गडबडीत राहिलं."

राहिलं! दुकानातून काडेपेटी आणायची राहते, तसे पोर राहिले! मी इतक्या जोरात भुंकले की टेबलावरचे कागद उडाले. शिपाई मला बाहेर काढायला आला, तर अधिकारी बाई म्हणाल्या, "राहू दे तिला. माझ्या मनातलंच बोलतेय ती."

बापाने हात पुढे केला. ठमी जवळ गेली. तिने तो हात हुंगला, बाही हुंगली, पुन्हा हात हुंगला. मग ती परत येऊन माझ्याजवळ बसली. त्या वासात तिच्या ओळखीचे काही नव्हते. बाप ओक्साबोक्शी रडू लागला. ते रडणे खरे होते, मला वासावरून कळते. म्हणूनच मला जास्त राग आला. इतके खरे रडू ज्याच्या आत होते, त्याला दोन वर्षांत एक फोन करता आला नव्हता.

ठमी आश्रमातच राहिली. पुढे मावशी रीतसर तिची पालक झाली आणि आम्ही तिघी दोन खोल्यांच्या घरात आलो. काका पुन्हा फिरकला नाही. बाप महिन्यातून एकदा येतो, अजूनही. ठमी त्याच्याशी नीट बोलते, पण अहो-जाहो करून, दारात आलेल्या परक्या माणसाशी बोलतात तशी. तो मान खाली घालून चहा पितो. मी गुरगुरते. मावशी म्हणते, "पुरे आता." मला पुरेसे वाटत नाही.

ठमी आता तेरा वर्षांची आहे. वर्गात एका मुलाने तिला "कुत्री" म्हणून चिडवले, तर ती म्हणाली, "हो. पण तू माझ्या आईच्या नखाची तरी बरोबरी करशील का?" आणि पुढचा धडा वाचू लागली.

मागच्या आठवड्याची गोष्ट सांगून थांबते. मी रोज शाळेच्या फाटकाशी ठमीला घ्यायला जाते. येताना पोस्टाच्या पायऱ्यांपाशी एक दोनेक वर्षांचे पोर एकटेच बसले होते. एकाच पायात बूट. नाक वाहत होते. माणसे त्याला वळसा घालून चढत-उतरत होती. ठमीने दप्तर खाली टाकले आणि भर रस्त्यात उभी राहून ओरडली, "हे पोर कुणाचं आहे?"

पाकिटे घेऊन चाललेला एक माणूस म्हणाला, "अगं, केवढ्यानं ओरडतेस! तुझं आहे का ते?"

"नाही," ठमी म्हणाली. "म्हणूनच ओरडतेय!"

ती पुन्हा ओरडली. मीही माझ्या फाटक्या आवाजात भुंकू लागले. गाड्या थांबल्या, दुकानातली माणसे बाहेर आली, पोस्टातली रांग मोडली. आणि त्या मोडलेल्या रांगेतून एक बाई रडत धावत आली. तिला वाटले होते, पोर आजीजवळ आहे. आजी औषधाच्या दुकानात होती आणि तिला वाटले होते, पोर आईजवळ आहे. बाईने पोराला उराशी धरले. सगळे मिळून पाच मिनिटे गेली असतील.

मित्रांनो, पाच मिनिटे. एवढेच लागते. तेव्हा माझे एक ऐका. एकटे बसलेले पोर दिसले, तर त्याला वळसा घालू नका. ते आपले आहे का, हा विचार करत उभे राहू नका. तुम्हाला भुंकता येत नसेल, तर ओरडा. कुणीतरी येईपर्यंत ओरडत राहा. मोठी माणसे तुम्हाला गप्प बसायला सांगतील.

बसू नका.