बापावर गेलेली

शर्टाच्या बटणाहून लहान ते रबर त्याने खिशातल्या खिशात करंगळीवर ताणलं, सोडलं, पुन्हा ताणलं... सकाळी लेकीच्या तोंडातून त्यानेच काढलं होतं. ‘थोडा वेळ मोकळी राहा,’ म्हणाला होता. रोजच म्हणायचा, आणि तो थोडा वेळ संध्याकाळपर्यंत लांबायचा.

दातांच्या डॉक्टरीणबाई दोन एक्स-रे शेजारी शेजारी धरून पाहत होत्या. वर्षापूर्वी त्यांनी लेकीच्या गालांच्या हाडांत आणि खालच्या जबड्यात धातूच्या छोट्या पट्ट्या स्क्रूने बसवल्या होत्या. वाढ खुंटलेला वरचा जबडा त्यांना अडकवलेली रबरं हळूहळू पुढे ओढणार होती—रबरं फक्त जेवताना काढायची, आणि हाड कोवळं आहे तोवरच.

“मिलिमीटरभरसुद्धा नाही,” बाई म्हणाल्या. “रबरं पूर्ण वेळ असतात ना?”

“असतात,” लेक म्हणाली. बापाकडे तिने बघितलंही नाही.

बारा वर्षांची पोर मला पाठीशी घालतेय... त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“मग हाडच दाद देत नाहीये. आता अठराव्या वर्षी ऑपरेशन. जबडा कापून पुढे आणावा लागेल.”

सांगून टाकावं, आत्ताच, तोंड उघडलं की झालं—पण तोंड तरी कसलं, खालचे दात वरच्यांच्या पुढे, आधी हनुवटी पोचायची आणि मागून हा. शाळेत त्याला ‘खण’ म्हणायचे, टेबलाचा अर्धवट उघडा राहिलेला खण. जन्मभर त्याने आरसा टाळला. मग ही झाली, आणि बहीण म्हणाली, ‘अगदी बापावर गेलीय रे’... त्या दिवशी तो दाढी करताना कितीतरी वेळ स्वतःकडे बघत राहिला होता, आणि त्याला बरं वाटलं होतं.

तिला दुखतं म्हणून काढतो, असं तो बायकोला सांगायचा. स्वतःलाही. पण दुखणं पहिल्या महिन्यातच थांबलं होतं, लेकीनेच तसं सांगितलं होतं, आणि त्याने ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं.

“काही विचारायचंय?” बाईंनी पेन उघडलं.

लेकीने खुर्चीतूनच हात पुढे केला. “बाबा, रबर दे ना,” अगदी हळू.

त्याने दिलं. तिने आरशाशिवाय, सराईतपणे ते अडकवलं आणि ओठ मिटले. ही बदलली तर आपण एकटे पडू, एवढीच भीती होती त्याला—आता अठरापर्यंत तरी ती बदलणार नव्हती, आणि त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या त्या चेहऱ्याकडे त्याला बघवत नव्हतं...